जपानमधील बिझनेस हॉटेलात एकट्याने राहणे: बारा चौरस मीटरची खोली पुरते का?

गोदाकाठ

नमस्कार. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी एकटीच जपानला जात आहे. ओसाका, ओकायामा, हिरोशिमा आणि शेवटी टोकियो असा मार्ग ठरला असून विमानाची तिकिटेही काढून झाली आहेत. घोडे अडले आहे ते मुक्कामापाशी. स्थानकाजवळची जी बिझनेस हॉटेले (कामानिमित्त फिरणाऱ्या एकट्या माणसांसाठीची साधी हॉटेले) माझ्या अंदाजपत्रकात बसतात, त्यांतील एका माणसाची खोली ११ ते १३ चौरस मीटरची, म्हणजे साधारण १२० ते १४० चौरस फुटांची दिसते, आणि न्हाणीघरही त्यातच धरलेले असते. मुलाचे म्हणणे असे, की इतक्या खोलीत मला दुसऱ्याच दिवशी कोंडल्यासारखे होईल, त्यामुळे थोडे जास्त पैसे मोजून मोठे हॉटेल घ्यावे. मला मात्र दिवसभर बाहेरच राहायचे असल्यामुळे खोलीवर पैसे घालणे पटत नाही.

साठी उलटली आहे, गुडघे अधूनमधून कुरकुरतात, आणि मी शाकाहारी आहे (अंडे चालते). अशा बाईने या खोल्यांत सलग मुक्काम करावा का, आणि केल्यास खोली निवडताना काय पाहावे, हे प्रत्यक्ष राहून आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना_मुंबईकर

बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची, आणि न्हाणीघर त्यात धरलेले नव्हते, कारण शौचालये मजल्यावर सामाईक होती. तेवढ्यात आमचे आठ जणांचे कुटुंब, वर गावाहून आलेले पाहुणे, शिवाय गणपती. चिरंजीवांना सांगा, की एकट्या माणसाला १२० चौरस फूट आणि स्वतःचे न्हाणीघर याला आमच्याकडे चैन म्हणत असत.

निशीकासाईकर

मुंबईकरांचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही, पण ताईंना खोलीचे चित्र डोळ्यांसमोर यायला हवे, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो. दार उघडले की लगेच एका बाजूला न्हाणीघराचे दार असते. पुढे एका माणसापुरती वाट, तिच्या कडेला भिंतीला टेकलेला पलंग, आणि समोरच्या भिंतीला लागून लांबलचक फळीचे टेबल. त्या टेबलावर टीव्ही, किटली, दिवा आणि आरसा. त्याखाली बुटका फ्रिज. कपाट बहुधा नसतेच, भिंतीवरच्या खुंट्यांना हँगर अडकवलेले असतात. पलंग मुद्दाम उंच ठेवलेला असतो, कारण त्याखाली बॅग सरकवायची असते.

खोलीत नसलेल्या वस्तू हॉटेलात कुठे ठेवल्या आहेत, हे एकदा कळले की या हॉटेलांचे गणित उलगडते. दात घासण्याचा ब्रश, दाढीचे सामान, कंगवा, चहाच्या पुड्या या गोष्टी आता बहुतेक ठिकाणी खाली स्वागतकक्षाशेजारच्या फळीवर असतात आणि लागतील तेवढ्या आपण उचलून न्यायच्या. प्लास्टिकचा वापर कमी करण्याचा कायदा एप्रिल २०२२ पासून लागू झाल्यावर ही पद्धत अधिकच रुळली. निरनिराळ्या जाडीच्या उश्याही कित्येक ठिकाणी तिथेच मिळतात. कपडे धुण्याची यंत्रे, मायक्रोवेव्ह, बर्फाचे यंत्र आणि पँटला इस्त्री करणारा प्रेस एखाद्या मजल्याच्या कोपऱ्यात असतो. उरलेसुरले सगळे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात. म्हणजे खोली लहान असली तरी सोयी कमी नसतात. त्या खोलीबाहेर काढून सगळ्यांत वाटलेल्या असतात. तुम्ही एकट्या आहात, तर या सोयी बाहेर मिळत असताना जास्त पैसे मोजून मोठी खोली घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

भटकी_वाट

वरचे सगळे खरे असले तरी दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या वाट्याला आलेल्या एका खोलीची खिडकी उघडली तेव्हा हात लांब केल्यावर शेजारच्या इमारतीची भिंत लागेल, इतके अंतर होते. ती खिडकीही चार बोटेच उघडत होती. पहिल्या रात्री काही वाटले नाही. पुढे पाऊस लागला, बाहेर पडता येईना, आणि त्या खोलीत दुपार काढताना सकाळ आहे की संध्याकाळ, हे कळायला घड्याळ पाहावे लागत होते. दिवसभर बाहेरच राहणार, असे निघताना सगळेच म्हणतात. साठीनंतर एखादा दिवस पाय नको म्हणतात, तेव्हा काय करायचे याचा विचार आधी झालेला बरा.

चाकण_शिफ्ट

कंपनीच्या कामानिमित्त नागोयाच्या आसपास अशा हॉटेलांतच मुक्काम असतो, त्यामुळे विजेबद्दल लिहितो. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पात्यांचा असतो. मोबाईल व लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना केवळ प्लग बदलणारा अडॅप्टर पुरतो. आपल्याकडची २३० व्होल्टची लहान किटली किंवा खिचडीचा विजेचा कुकर मात्र नेऊ नये. व्होल्टेज निम्म्याहून कमी झाले की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे हजार वॉटचे उपकरण तिथे दोनशे वॉटही धड देत नाही. पाणी उकळेपर्यंत तुमची गाडी सुटलेली असेल. खोलीत किटली असतेच, आणि खोलीत स्वयंपाक करण्यास तशीही मनाई असते.

जाता जाता एक. टेबलाच्या खणात बायबलशेजारी बुद्धाच्या शिकवणुकीचे एक पुस्तक जपानी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ठेवलेले आढळते. ते वाटणारी बुक्क्यो देंदो क्योकाई ही संस्था १९६५ मध्ये येहान नुमाता यांनी स्थापन केली, आणि हेच नुमाता मितुतोयो या मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक. आमच्या क्वालिटी विभागातील प्रत्येक मायक्रोमीटरवर ज्या कंपनीचे नाव असते, तिच्या नफ्यातून हॉटेलांच्या खणांत धर्मग्रंथ गेले, हे समजल्यापासून मी मायक्रोमीटर थोडा आदराने हाताळतो.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे एका हाती अचूकता आणि दुसऱ्या हाती निर्वाण. आमच्या कंपनीत दोन्हींचा तुटवडा आहे.

अबोली_फोंडा

ताई, बाई म्हणून एकटीने राहण्याबद्दल मी लिहिते, कारण वरच्या उत्तरांत ते आलेले नाही. कित्येक हॉटेलांत चावीचे कार्ड लावल्याशिवाय लिफ्ट वर जात नाही. ज्यांचे नाव नोंदलेले नाही अशा व्यक्तींना खोलीत जाण्यास मज्जाव असतो आणि तो पाळलाही जातो. काही ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळा मजला असतो. आरक्षण करताना तशी विचारणा करता येते. टोयोको इनसारख्या साखळीत तर बहुतेक हॉटेलांच्या व्यवस्थापक स्त्रियाच आहेत. मला रात्री उशिरा परतताना किंवा स्वागतकक्षात एकटीने बसताना अवघडल्यासारखे झाले नाही, आणि हे मी आपल्याकडच्या सगळ्या हॉटेलांबद्दल म्हणू शकणार नाही.

एकटेपणाचा आणखी एक हिशेब असा, की आपल्याकडे खोली दोघांची असते आणि एकटा माणूस दुसऱ्याचेही भाडे भरतो. बिझनेस हॉटेलची खोली मुळात एकासाठीच आखलेली असते. उलट र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पांथशाळेत, दर माणशी असून त्यात बहुधा दोन वेळचे जेवण धरलेले असते, आणि एकट्या प्रवाशाला खोली द्यायला अनेक र्‍योकान तयार नसतात. एकट्या बाईने दाराशी जाऊन उभे राहिल्यावर कपाळाला आठी न पडणारे ठिकाण, ही या हॉटेलांची माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट आहे.

वास्तुविचार

ताईंनी गुडघ्यांचा उल्लेख केला आहे, म्हणून न्हाणीघराबद्दल थोडे लांबवर लिहितो. ते विटा-फरश्यांचे नसते. जमीन, भिंती, टब आणि छत असे कारखान्यात तयार झालेले भाग जागेवर आणून जोडलेले असतात, त्याला तिकडे युनिट बाथ म्हणतात. याचा जम बसला तो १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी. हॉटेल न्यू ओतानीच्या हजाराहून अधिक खोल्या खेळांपूर्वी पूर्ण करायच्या होत्या आणि प्रत्येक न्हाणीघर गवंड्याकडून करून घेण्याएवढा अवधी नव्हता, तेव्हा आज तोतो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने ती कारखान्यात बनवून दिली. पुढे हीच पद्धत स्वस्त हॉटेलांनी उचलली, कारण तिच्यामुळे अगदी थोड्या जागेत टब, बेसिन आणि कमोड बसवता येतात.

हा आख्खा डबा मूळ लादीवर ठेवलेला असतो आणि सांडपाण्याचे नळ त्याच्या तळाखालून जातात. म्हणून दारातच एक चढण लागते. रात्री झोपेत उठल्यावर ही पायरी लक्षात राहत नाही. पुढे टबाची कड ओलांडण्यासाठी पाय चांगलाच उचलावा लागतो, आणि शॉवर टबातच असल्यामुळे अंघोळीला दुसरा मार्ग नसतो. बेसिन आणि टब यांना मिळून बऱ्याचदा एकच नळ असतो. त्याची लांब तोटी हाताने फिरवून कधी इकडे, कधी तिकडे वळवायची. आरशाचा मधला एक चौकोन आतून तापवलेला असतो, त्यामुळे बाकी आरसा वाफेने पांढरा झाला तरी तेवढ्यात चेहरा स्वच्छ दिसतो. टबावर भिंतीतून ओढून काढायची एक दोरी असते, ती समोरच्या आकड्यात अडकवली की लहान कपडे वाळतात. इतक्या जागेत इतका विचार केलेला पाहून व्यवसायाने मला हेवा वाटतो. गुडघ्यांचा विचार मात्र त्यात नाही, हे मान्य करायला हवे.

अबोली_फोंडा

> पुढे टबाची कड ओलांडण्यासाठी पाय चांगलाच उचलावा लागतो

यावर उपाय आहे. सार्वजनिक स्नानगृह असलेले हॉटेल घ्यावे. डॉर्मी इन ही साखळी त्यासाठीच ओळखली जाते, आणि तिथल्या बऱ्याच खोल्यांत टब नसून नुसती शॉवरची जागा असते, कारण खरी अंघोळ मोठ्या हौदात करायची असते. हौदात उतरण्यापूर्वी स्टुलावर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, आणि अंगावर काहीही घालायचे नाही. हा शेवटचा नियम ऐकून आपल्याकडच्या बायका मागे सरतात. प्रत्यक्षात तिथे कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि स्त्रियांच्या दाराला आकडी कुलूप असून त्याचा क्रमांक हॉटेलात उतरतानाच दिला जातो. दिवसभर चालून दुखणाऱ्या गुडघ्यांना त्या गरम पाण्याने जे बरे वाटते, त्यासाठी संकोच गिळावा असे माझे मत आहे.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. पायरीची गोष्ट मला कोणत्याच छायाचित्रात दिसली नव्हती. संकोच गिळण्याबद्दल विचार करते; गोदावरीच्या घाटावर उभे आयुष्य गेले असले, तरी तिथे अंगावर लुगडे असते.

शाकाहारी_प्रवासी

न्याहारीबद्दल. अनेक हॉटेलांच्या दरात न्याहारी धरलेली असते आणि ती पाहून शाकाहारी माणूस प्रथम आनंदतो, कारण भात, टोफू, शिजवलेल्या भाज्या, समुद्री शेवाळाच्या कोशिंबिरी असे बरेच काही मांडलेले असते. अडचण अशी, की मिसो सूप आणि शिजवलेल्या बहुतेक भाज्या ज्या पाण्यात करतात त्यात सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. गुंडाळलेल्या गोडसर ऑम्लेटमध्येही तो घालतात, त्यामुळे अंडे चालणाऱ्यांनीही उकडलेले अंडे घेतलेले बरे. निश्चिंतपणे खाण्याजोगे म्हणजे साधा भात, कच्च्या भाज्या, फळे, पाव, लोणी, जॅम. नात्तो हे आंबवलेले सोयाबीन शाकाहारी असते, परंतु सोबतच्या पुडीतील रसात मासा असतो. ती पुडी बाजूला ठेवावी. नात्तोच्या वासाबद्दल मी काही लिहीत नाही.

मी मेतकुटाची बाटली आणि कोरडी चटणी नेतो. तिथला भात मऊ आणि चिकट असतो, त्यावर मेतकूट उत्तम लागते. मांसाचे पदार्थ, ताजी फळे आणि भाज्या इथून नेण्याच्या फंदात पडू नये, विमानतळावर अडवतात.

उंटावरचा_शहाणा

डॉर्मी इनमध्ये रात्री साडेनऊनंतर फुकट नूडल्स देतात, ते कोणी सांगितले नाही. शाकाहारी असाल तर फक्त वास घेऊन झोपावे लागते, हा भाग वेगळा.

जुना_मुंबईकर

भटकी_वाट यांना माझे उत्तर असे, की चाळीत खोली लहान होती, पण पुढे लांब व्हरांडा होता आणि दार उघडे होते. माणूस खोलीत फक्त झोपायला जात असे. या हॉटेलांचे दार बंद असते, त्यामुळे वर मी जे चैनीचे म्हटले ते जागेपुरतेच समजावे. एकटे जेवणे, एकटे झोपणे, सकाळी यंत्राला पैसे देऊन चावी परत करणे, आणि दिवसभरात ‘सुप्रभात’ सोडून कोणाशी शब्द नाही. माझ्या वयाला हे जड जाते. ताईंनी एखादी तरी रात्र माणसे असलेल्या ठिकाणी काढावी.

निशीकासाईकर

मुंबईकरकाका, माणसे आहेत, फक्त त्यांना खोलीत येऊ देत नाहीत. टोकियोतील आमच्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबे भरपूर आहेत, आणि कोणाची आई वा मावशी हॉटेलात उतरली की आम्ही डबा घेऊन जातो. मग स्वागतकक्षातील दोनच खुर्च्यांवर मावशी आणि डबा बसतात व बाकीचे उभे राहतात. गेल्या होळीला पुरणपोळीच्या वासाने काउंटरवरची मुलगी दोनदा मान वर करून पाहत होती, शेवटी तिलाही एक दिली.

आता कामाचे. खोलीच्या दरात मोठे चढउतार असतात. शनिवारची रात्र सर्वांत महाग. एप्रिलअखेरची सुट्टी, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पितरांचा सण, चेरी फुलण्याचा काळ आणि नोव्हेंबरात क्योटोतील लाल पानांचा हंगाम, या काळात तीच खोली दुप्पट दराने जाते. फेब्रुवारीत विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा देणारी मुले आणि त्यांचे पालक या हॉटेलांत उतरतात, हे पर्यटकांच्या लक्षात येत नाही. २०२४ मध्ये परदेशी पाहुण्यांची संख्या साडेतीन कोटींच्या पुढे गेली, तेव्हापासून ‘स्वस्त आणि मस्त’ हे वर्णन मोठ्या शहरांत पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. त्यावर मुक्कामाचा करही असतो. टोकियोत २००२ पासून आणि क्योटोत २०१८ पासून तो आकारतात.

ताई नोव्हेंबरात क्योटो पाहणार असतील, तर तिथे न राहता ओसाकात राहावे, किंवा ओत्सु पाहावे. क्योटोहून जेआर रेल्वेने ते दहा मिनिटांवर आहे. ओकायामा मात्र खरोखर चांगले ठिकाण निवडले आहे. स्थानकाला लागूनच हॉटेले आहेत, आणि शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, हिरोशिमा पाऊण तासाच्या आत गाठता येते, त्यामुळे दोन्हीकडे सामान उचलण्याऐवजी तिथेच तळ ठोकता येईल.

गोदाकाठ

ओकायामा ठरवण्याचे कारण पुण्यातील सिंहगड रस्त्यावरची बाग. ओकायामातल्या कोराकुएन उद्यानावरून ती केली असल्याचे वाचले, तेव्हापासून मूळ बाग पाहायची आहे. तिथेच तळ ठोकण्याची कल्पना पटली.

चाकण_शिफ्ट

सामानाविषयी एक महत्त्वाची गोष्ट राहिली. दोन समान कप्प्यांत उघडणारी कडक मोठी बॅग या खोलीत जमिनीवर पूर्ण उघडत नाही. ती पलंगावर उघडावी लागते आणि झोपताना पुन्हा बंद करून खाली उतरवावी लागते. वरून झाकण उघडणारी मऊ बॅग नेली तर हा रोजचा व्यायाम टळतो. मोठी बॅग न्यायचीच असेल, तर ती एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात कुरिअरने पाठवावी. यामातो कंपनीने ही घरपोच सेवा १९७६ मध्ये सुरू केली आणि आता ती हॉटेलांच्या काउंटरवरूनच होते. सकाळी दिलेली बॅग ओसाकाहून टोकियोला साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते, खर्च दोन-तीन हजार येन. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाणारी बॅग ओसाका-टोकियो शिनकानसेनमध्ये न्यायची असल्यास २०२० पासून तिच्यासाठी ठरावीक आसन आधी राखून ठेवावे लागते. गुडघ्यांचा विचार करता बॅग पाठवून मोकळ्या हाताने जाणे हेच बरे.

कपडे कमी न्यावेत, कारण धुण्याची सोय असते. बऱ्याच यंत्रांत साबण आपोआप पडतो, आणि काही हॉटेलांत यंत्र रिकामे आहे की नाही हे खोलीतल्या टीव्हीवर दिसते. रात्री दहाला मात्र सगळ्यांनाच कपडे धुण्याची आठवण होते.

भटकी_वाट

आरक्षण करताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. पहिली म्हणजे धूम्रपान. जपानमध्ये इमारतींच्या आत धूम्रपानावर एप्रिल २०२० पासून बंधने कडक झाली, तरी हॉटेलांच्या खोल्या त्यातून वगळल्या आहेत आणि धूम्रपानाच्या खोल्या अजून विकल्या जातात, बहुधा थोड्या कमी दराने. मला एका ठिकाणी वास घालवण्याचा फवारा मारलेली अशी खोली मिळाली होती. रात्री उशीलाच सिगारेटचा वास येत होता. त्यामुळे ‘धूम्रपानमुक्त’ हा शब्द तपासल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसरी म्हणजे वातानुकूलन. जुन्या इमारतींत ते मध्यवर्ती असते आणि ऋतूनुसार एक तर गार हवा मिळते नाही तर गरम. नोव्हेंबरात हॉटेलाने गरम हवा सुरू केली, की तुम्हाला उकडत असले तरी गार हवा मिळत नाही. प्रत्येक खोलीचे यंत्र वेगळे आहे का, हे आधी पाहावे.

वास्तुविचार

खिडकीचा विषय वर निघाला होता, तेव्हा थोडे विषयांतर. वरच्या मजल्यांच्या काही काचांवर लाल उलटा त्रिकोण चिकटवलेला असतो. ती नक्षी नसून अग्निशमन दलाने आत शिरण्याची जागा आहे, आणि तिच्यासमोर बॅग रचून ठेवू नये. ८ फेब्रुवारी १९८२ रोजी टोकियोच्या आकासाका भागातील हॉटेल न्यू जपानमध्ये पलंगावर ओढलेल्या सिगारेटमुळे आग लागून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. पाण्याचे फवारे बसवण्याकडे तिथे दुर्लक्ष झाले होते. खोलीत शिरल्यावर दारामागचा नकाशा पाहून जिना कोणत्या टोकाला आहे, हे एकदा चालून पाहावे. पलंगाशेजारी भिंतीवर एक विजेरी अडकवलेली असते. ती जागेवरून ओढून काढली की आपोआप पेटते. भूकंपातही लिफ्ट घ्यायची नसते, त्यामुळे तोच जिना उपयोगी पडतो.

आता आकाराकडे वळतो, कारण मूळ प्रश्न तोच आहे. इतक्या लहान खोल्या बांधू देतात कशा, असे अनेकांना वाटते. २०१८ मध्ये नियम सुधारले तेव्हा हॉटेलच्या खोलीचे किमान क्षेत्र सात चौरस मीटर, आणि पलंग असल्यास नऊ, असे ठरले. म्हणजे ताईंची १२ चौरस मीटरची खोली किमान मर्यादेच्या वरच आहे. एकट्या नोकरदाराला शहरात झोपण्यापुरती जागा, हा विचार जपानी वास्तुरचनाकारांनी फार टोकाला नेऊन पाहिला. किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये टोकियोत गिन्झाजवळ बांधलेल्या नाकागिन इमारतीत १४० कप्पे होते, प्रत्येक दहा चौरस मीटरचा, त्यातच न्हाणीघर आणि एक गोल खिडकी. त्यांनीच १९७९ मध्ये ओसाकात पहिले कॅप्सूल हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या कप्प्यांचे हॉटेल, आखले. नाकागिन २०२२ मध्ये पाडली. कप्पे बदलत राहावेत अशी मूळ योजना होती, ती कधीच अमलात आली नाही. बिझनेस हॉटेल टिकले, कारण त्याने क्रांतीचा दावा न करता प्रत्येक स्थानकाबाहेर तीच ती खोली बांधली.

उंटावरचा_शहाणा

सात चौरस मीटर म्हणजे कूस बदलायलाही परवाना लागत असेल.

शाकाहारी_प्रवासी

शहाणे, पलंगाची रुंदी ही चेष्टेची गोष्ट नाही. १२० ते १४० सेंटिमीटर असा फरक असतो, आणि एकटीने चार-पाच रात्री झोपायचे असल्यास ताईंनी १४० चाच पाहावा. खोलीच्या क्षेत्रफळापेक्षा मला तरी हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण खोलीत आपण मुख्यतः पलंगावरच असतो.

गोदाकाठ

आतापर्यंतच्या चर्चेनंतर मी असे ठरवले आहे. ओसाका आणि ओकायामा इथे सार्वजनिक स्नानगृह असलेली, शॉवरची खोली. टोकियोत साधे हॉटेल, पण १४० चा पलंग, धूम्रपानमुक्त आणि स्वतंत्र वातानुकूलन. मुंबईकरांच्या सूचनेप्रमाणे हिरोशिमाजवळ मियाजिमाला एक रात्र र्‍योकानमध्ये राहावे, असे मनात आहे. एकट्या व्यक्तीला घेणारे एक सापडले आहे, दर मात्र हॉटेलच्या अडीचपट आहे. मुलाला पायरी आणि लाल त्रिकोण दोन्ही समजावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला की हे वाचून त्याची काळजी कमी झाली की वाढली, ते त्यालाच कळत नाही.

एक शंका राहते. माझे विमान ओसाकाला रात्री उतरते. पहिल्या दिवशी पोहोचायला साडेदहा-अकरा वाजतील, ते चालेल का?

अबोली_फोंडा

चालेल, पण आरक्षण करताना पोहोचण्याची वेळ नेमकी लिहावी, आणि उशीर होत असेल तर विमानतळावरून फोन करावा. कळवलेल्या वेळेनंतर बराच काळ पाहुणा आला नाही, तर आरक्षण रद्द समजण्याची मुभा अनेक हॉटेले नियमांत ठेवतात. उतरताना पासपोर्ट हाताशी ठेवावा. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत घेणे हॉटेलांना बंधनकारक आहे. पैसे बहुधा उतरतानाच भरावे लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते यंत्रातच. यंत्राला इंग्रजी येते. सकाळी दहा किंवा अकराला खोली सोडावी लागते, पण बॅग संध्याकाळपर्यंत खाली सांभाळतात आणि त्याचे पैसे सहसा घेत नाहीत.

जुना_मुंबईकर

अडीचपट? ताई, त्या पैशांत साध्या हॉटेलात दोन रात्री निघतील. मी माझी सूचना मागे घेतो.

गोदाकाठ

आता नाही, काका. पैसे भरून झाले.